श्रीरामरावांचा कंटेनर

श्रीरामरावांच्या घरी कंटेनर येणार, ही बातमी गोविंदरावांनी कॉलनीभर केली. त्यात त्यांचा तसा दोष नव्हता. कानांनी ऐकलं तेच त्यांनी तोंडानं सांगितलं. एप्रिलमधला रविवार होता. सकाळी आठलाच ऊन सोनपेठच्या पत्र्यांवर चढलं होतं आणि श्रीरामराव गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून मोबाइलला रेंज शोधत उभे होते. शेजारच्या अंगणातून गोविंदरावांनी मान वर करून विचारलं, "काय चालू हाय, श्रीरामराव?"

"कंटेनर उतरवून घ्यायलोय," श्रीरामराव वरूनच म्हणाले. "लय जड हाय. दुपार होईल."

गोविंदराव तलाठी म्हणून रिटायर झालेले आणि कॉलनीच्या समितीचे सचिव. जमिनीवर काहीही उतरायचं तर आधी मोजणी झाली पाहिजे, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. ते टेप घेऊन बाहेर आले आणि त्यांनी गल्लीची रुंदी मोजली. अकरा फूट भरली. शिवाय कोपऱ्यावर विजेची डीपी. अर्ध्या तासात बोअरवाले लिंबाजी आले आणि सल्ला द्यायला लागले.

"क्रेन परळीहून मागवावी लागंल. आन् खाली विटा द्या बरं का, न्हाईतर पावसाळ्यात काळ्या रानात रुततंय ते. माझ्या साडूनं पाथरीत कंटेनरात हॉटेल टाकलं. एक बाजू खचली. ह्या गिऱ्हाइकाचा चहा आपोआप त्या गिऱ्हाइकाकडं जायचा."

श्रीरामराव खाली आले तेव्हा दारात पाच माणसं आणि एक टेप होता. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. हा कंटेनर कॉम्प्युटरच्या आत असतो. आत एक कोरी खोली उभी करायची. तिच्यात कॉम्प्युटर चालवणारं नवं लिनक्स, बाकी काही नाही. आपला प्रोग्रॅम त्या खोलीत बांधायचा, तिथंच बसवून तपासायचा, म्हणजे घरातल्या सामानाला धक्का लागत नाही. काम झालं की खोली पाडून टाकायची.

"पाडायचीच हाय तर बांधायची कशाला?" गोविंदरावांनी विचारलं.

हा प्रश्न पुढच्या दोन महिन्यांत श्रीरामरावांनी स्वतःलाही अनेकदा विचारला. पण त्या दिवशी ते नुसते हसले. ते हसणं गोविंदरावांना संशयास्पद वाटलं, आणि सोमवारी समितीची नोटीस आली. 'विनापरवाना अवजड वस्तू व तत्संबंधी बांधकाम' असा विषय होता. श्रीरामरावांनी एकोणतीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात अशाच नोटिसा लिहिल्या होत्या, त्यामुळे त्यांनी 'उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये' अशी सुरुवात करून तीन परिच्छेदांत उत्तर दिलं: सदर कंटेनरास लांबी, रुंदी व उंची नाही. गोविंदरावांनी त्यावर लाल पेनानं शेरा मारला. 'मोजमापे लपवीत आहेत.'

हे सगळं अंगावर घ्यायचं कारण बबितावहिनी. मार्चमध्ये त्या एक जुना लॅपटॉप पिशवीत घालून आल्या होत्या. त्यांचे यजमान धम्मदीप शाळेत गणिताचे मास्तर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात फळ्यासमोरच हृदय थांबून गेले. त्यांनी अकरा वर्षं खपून 'तासिका' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. शिक्षकांची नावं, विषय, वर्ग टाकले की शाळेचं वेळापत्रक तयार. शाळेतल्या कॉम्प्युटरांवर आता नवं लिनक्स आलं, आणि धम्मदीपनं जुन्यासाठी बांधलेलं तासिकेचं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम बसवायची फाइल, त्यावर बसेना.

"हेडमास्तर बन्सीधर सर म्हणायलेत, काढून टाकू," बबितावहिनी म्हणाल्या. "भावजी, हे तुमच्याशिवाय कुणाला कळतंय? तुमाला त्यांनीच शिकवलं ना."

ते खरं होतं. धम्मदीप आणि श्रीरामराव बोरीच्या शाळेत एका बाकावर शिकलेले. श्रीरामरावांच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स धम्मदीपनंच घातलं होतं. पण शेवटची चार वर्षं दोघांत रामराम-जयभीमच्या पलीकडे शब्द नव्हता. सुमंगला, म्हणजे श्रीरामरावांची बायको, त्याच शाळेत मराठी शिकवायची. तिला कॅन्सर निघाला तेव्हा सगळं गाव घरी येऊन गेलं. धम्मदीप एकदा आला, घड्याळाकडं बघत दहा मिनिटं बसला आणि उठला. दर मंगळवारी ती नांदेडला उपचारांना जायची. एका मंगळवारीही तो स्टँडवर आला नाही. श्रीरामरावांनी ते मनाला लावून घेतलं, आणि त्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा ते सगळ्यात मागं चालले.

म्हणून बबितावहिनींना नाही म्हणायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "दोन रविवारचं काम हाय, वहिनी."

पहिला रविवार कंटेनर उतरवण्यातच गेला. तीन वेळा पाऊण झाला आणि तुटला, आणि चौथ्यांदा डेटा संपला. दुसऱ्या रविवारी खोली उभी राहिली. लॅपटॉपमध्ये धम्मदीपनं 'बांधणी' नावाची सूचनांची फाइल ठेवली होती, अगदी मास्तरी भाषेत. 'घाई करू नये. प्रत्येक ओळ दोनदा वाचावी.' श्रीरामरावांनी प्रत्येक ओळ एकदा वाचली. प्रोग्रॅमला लागणारे सुटे भाग त्यांनी एकेक करून आत नेले. त्यातले दोन जुने भाग नव्या लिनक्सनं बंदच केले होते. त्यांच्या बदल्यात कुठले चालतील, हे शोधायला आणखी दोन रविवार गेले. रेशनचं दुकान बदलल्यावर जुन्या कार्डाचं जे होतं तेच इथं होत होतं. एक भाग मागावा, तर तो म्हणे आधी दुसरा आणा. दुसरा म्हणे तिसऱ्याशिवाय मी येत नाही. शेवटी सगळे जमले. पॅकेज तयार झालं. श्रीरामरावांनी समाधानानं खोलीचं दार लावलं आणि सुमंगलाला चहा टाकायला सांगितलं.

चहा पिऊन परत आले तर खोली नव्हती. पॅकेजही नव्हतं. चार रविवारची मेहनत नव्हती.

सूचनांच्या फाइलमध्ये पुढच्याच पानावर लिहिलं होतं: 'बाहेर पडण्यापूर्वी केलेले काम बाहेर आणून ठेवावे. दार लावले की खोली आपोआप पाडली जाते. हे मी तीनदा लिहिले आहे कारण माझे दोनदा गेले आहे.'

"पान उलटायचं ना आधी," सुमंगला म्हणाली.

"पान उलटायला ते काय पुस्तक हाय का?" श्रीरामराव ओरडले, आणि मग बराच वेळ गच्चीत जाऊन टाकीत पाणी किती आहे ते बघत बसले.

दुसऱ्यांदा बांधायला मात्र तीन सकाळीच लागल्या, ऑफिसला जाण्याआधीच्या. मग ते लॅपटॉप घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापक बन्सीधर सरांशी त्यांचे संबंध फार चांगले होते. सुमंगलाच्या आजारात रजा संपल्यावरही मंगळवारी दुपारची सवलत मिळाली होती. उपचार संपल्यावर श्रीरामरावांनी स्टाफरूममध्ये छोटा कार्यक्रम करून सरांना शाल आणि नारळ दिला होता. भाषणही केलं होतं. तेव्हा आता सर आपलं ऐकतील अशी त्यांची खात्री होती.

सरांसमोर त्यांनी कंटेनर उघडला, नवं पॅकेज बसवलं आणि तासिका चालू केली. पडद्यावर वेळापत्रकाच्या चौकटी आल्या. प्रत्येक चौकटीत प्रश्नचिन्हं होती. आठवी 'अ' पासून दहावी 'क' पर्यंत, सोमवार ते शनिवार, नुसती प्रश्नचिन्हं.

"श्रीरामराव," बन्सीधर सर म्हणाले, "हे वेळापत्रक हाय का माझी चौकशी लावली कुणी?"

कोऱ्या खोलीत मराठी अक्षरंच नव्हती. ती आत न्यायला हवी होती. पुढच्या आठवड्यात ती नेऊन श्रीरामराव परत गेले. या वेळी प्रत्येक नाव स्वच्छ उमटलं. सर चष्मा लावून वाकले आणि वाचायला लागले.

"प्रार्थना, सकाळी पाच वाजता."

"काय?"

"पहिला तास पाच वीस. मधली सुट्टी साडेसात." सरांनी चष्मा काढला. "शाळा भरवायची हाय का काकड आरती?"

कंटेनरचं घड्याळ विलायतेच्या वेळेवर चालत होतं. श्रीरामराव खाली मान घालून घरी आले, घड्याळ भारतीय केलं आणि तिसऱ्यांदा गेले. आता सरांना नाव ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून त्यांनी कागद मागितले.

"तयार करणाऱ्याची सही कुठाय? उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण?"

"सर, धम्मदीप गेला."

"ते माहीत हाय हो. मग वारसांचं ना-हरकत आणा. बाँडवर."

खाली उतरताना श्रीरामराव जिन्यात थबकले. मयत माणसाची सही मागून, नंतर वारसांचं बाँडपत्र आणायला त्यांनी स्वतः आजवर किती जणांना परत पाठवलं होतं, याची त्यांना मोजदाद करता येईना. ऊन, बस, टायपिस्ट, पुन्हा ऊन. त्या सगळ्यांचे चेहरे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, तर एकही आठवेना. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बबितावहिनींनी एका शब्दानं न विचारता सही केली. आता एकच काम उरलं होतं. धम्मदीपनं प्रोग्रॅमबरोबर साठ तपासण्या लिहून ठेवल्या होत्या. शाळेतल्या शिक्षकांची चालू यादी घालून त्या कंटेनरमध्ये चालवायच्या. साठही पास झाल्या तरच पॅकेज पक्कं. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी श्रीरामराव त्या चालवायला बसले.

तपासण्या म्हणजे काय असतील याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना वाटलं होतं, गणितं असतील. एकेक ओळ वर सरकायला लागली तसं ते वाचत गेले. 'मालनबाईंना पहिला तास नाही. त्यांची बस अकराला येते.' पास. 'पीटीच्या सरांना सलग तीन तास नाहीत. दमा आहे, सांगत नाहीत.' पास. 'नववी ब ला शेवटचा तास गणिताचा नाही. त्या मुली दोन कोस चालत जातात, डोकं शिल्लक असलं पाहिजे.' पास. अशी एकोणसाठ माणसांची किंवा वर्गांची एकोणसाठ दुखणी, आणि प्रत्येकाची तजवीज. शाळेत कुणालाच ठाऊक नसेल की आपला तास इथून तिथं का सरकला.

साठावी नापास झाली.

'मंगळवार, तास तीन ते आठ: सुमंगलाबाई मोकळ्या. त्यांचे सर्व तास धम्मदीप. नांदेड.' त्याखाली प्रोग्रॅमचं उत्तर: नावे सापडली नाहीत. बरोबरच होतं. सुमंगला गेल्या जूनमध्ये रिटायर झाली होती आणि धम्मदीप दिवाळीआधी गेला होता. चालू यादीत दोघंही नव्हते.

आणि नियमाच्या वर धम्मदीपची टीप होती. 'सुमंगलाबाईंना विचारल्याशिवाय हा नियम काढू नये.'

श्रीरामरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा. मग उठून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. सुमंगला मेथी निवडत बसली होती.

"मंगळवारी तुझे तास कोण घ्यायचं?"

तिनं वर बघितलं नाही. "धम्मदीप सर."

"सगळे?"

"सगळे. स्वतःचे दोन आन् माझे चार. पाणी प्यायला सवड नसायची. मधल्या सुट्टीत माझ्या वह्या तपासायचे."

"मला वाटलं, बन्सीधर सरांनी..."

"सर म्हणले होते, माझ्याकडं कागद नको, आपसांत काय करायचं ते करा." तिनं एक काडी मोडली. "दीड वर्षं केलं त्यांनी."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"तेच म्हणले, नका सांगू. श्रीराम येईल, सगळ्यांसमोर आभार मानील, भाषण करील, अन् मग वरपर्यंत कळंल." ती थांबली. "तुमी शाल दिली सरांना, त्या दिवशी धम्मदीप सर मागं उभं राहून टाळ्या वाजवायले होते. मला मान वर करता येईना."

"नंतर तरी सांगायचं!"

आता सुमंगलानं मान वर केली. "मी दोनदा सांगायला आले. तुमी म्हणलात, त्याचं नाव काढू नको माझ्यासमोर. दोन्ही वेळेस म्हणलात."

श्रीरामराव दारातच खाली बसले. त्यांनी जुडीतल्या चार काड्या उचलल्या आणि निवडायला लागले. पानं टाकायच्या ढिगात आणि देठं भाजीच्या ढिगात पडत होती. त्यांनी टाकलेलं सुमंगला मागून सरळ करत राहिली.

सोमवारी ते शाळेत गेले, ते भांडायचं ठरवूनच. बन्सीधर सरांच्या टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक पडलं होतं. श्रीरामरावांच्या तोंडून आधी शालच निघाली. सर क्षणभर गोंधळले, मग खरंच ओशाळले.

"तुमी इतक्या प्रेमानं दिली," ते म्हणाले. "भर स्टाफरूममध्ये नको कसं म्हणू? घरी नेली, पण कधी पांघरली न्हाई बघा." मग त्यांनी माहितीपत्रक पुढं सरकवलं. "अन् ते तासिकेचं राहू द्या आता. संस्थेनं वरून दुसरं घेतलंय. इंटरनेटवरचं. सगळ्या शाळांना एकच."

"त्यात मालनबाईंची बस बसंल का?"

"कोणती बस?"

श्रीरामरावांनी बाँडपत्र टेबलावरून उचललं, नीट चौघडी घातली आणि खिशात ठेवलं. भांडायला आलेला माणूस नमस्कार करून बाहेर पडला.

बबितावहिनींकडं जाताना त्यांना वाटत होतं, बाई रडतील. वहिनी अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. शाळेचं ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मंगळवारचं सांगितलं तेव्हा मात्र बादली खाली ठेवली.

"मंगळवारी घसा बसायचा त्यांचा," त्या म्हणाल्या. "मी हळद-दूध द्यायची. म्हणायचे, श्रीरामच्या बायकोच्या वर्गातली पोरं लय वांड हायत, कविता म्हणून दाखवल्याबिगर सोडत न्हाईत. गणिताचा माणूस, भावजी. रविवारी आरशापुढं कविता पाठ करायचे."

श्रीरामरावांना हसू आलं, आणि तोंड उघडल्यावर भलतंच काहीतरी झालं. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बऱ्याच वेळासाठी आत गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "शाळेला नको तर नको. पण अर्धवट नका ठेवू. पूर्ण बांधून मला द्या. माझ्या लॅपटॉपवर राहील."

पुढच्या रविवारी श्रीरामराव पुन्हा बसले. कंटेनर उभा केला. दारात गोविंदराव येऊन टेकले होते; समितीनं प्रकरण 'दप्तरी दाखल' करून मिटवल्याचं सांगायला ते स्वतः आले होते, पण श्रीरामरावांचा चेहरा बघून आल्या पावली परत गेले.

"सुमंगला," त्यांनी हाक मारली. "तुला विचारायचंय. तसं लिहिलंय त्यानं. मंगळवारचा नियम काढू का?"

ती पदराला हात पुसत आली आणि त्यांच्या खुर्चीमागं उभी राहून पडद्याकडं बघत राहिली. बघता बघता तिचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"काढा," ती म्हणाली.

त्यांनी नियम काढला. एकोणसाठ तपासण्या, एकोणसाठ पास. पण पॅकेज तरीही बांधलं जाईना. नव्या बांधणीसाठी बदलांची नोंद लिहावी लागते: काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. आधीच्या सगळ्या नोंदी धम्मदीपच्या होत्या. आता सगळ्यात वर रिकामी जागा होती.

एकोणतीस वर्षांत श्रीरामरावांनी हजारो टिपण्या लिहिल्या होत्या. सादर करण्यात येते की, तरी मान्यतेस्तव सविनय सादर. त्यातलं एकही वाक्य त्यांच्या उपयोगी पडेना. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. बाहेर कुणाच्या तरी बोअरची मोटार चालू झाली आणि बंदही झाली. शेवटी त्यांनी दोन बोटांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं.

'मंगळवारचा नियम काढला. सुमंगलाला विचारून काढला. आता गरज नाही. ती बरी आहे.'

सुमंगलानं मागून वाचलं.

"गुडघे दुखतात, तेपण लिहा," ती म्हणाली. "त्यांना कशाला खोटं सांगायचं."

श्रीरामरावांनी मान डोलावली, 'गुडघे दुखतात' असं पुढं जोडलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि तारीख घातली, आणि बांधणी चालू केली. चार मिनिटांत पॅकेज तयार झालं. दार लावण्याआधी त्यांनी ते आठवणीनं बाहेर आणून ठेवलं.